फक्कीचं घर

घर बांधावं असं मनोहरराव भोयरांच्या मनात कधीच आलं नव्हतं. घर बांधणं हे त्यांच्या मते छाती असलेल्या माणसांचं काम. म्हणजे ठेकेदारांचं, डॉक्टरांचं, आणि ज्यांचे सासरे एके काळी मालगुजार होते अशा भाग्यवंतांचं. त्यांना फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं, की समजा, बांधायचंच झालं, तर आपल्या पगारात किती घर बसतं. नुसतं जाणून घ्यायचं. माणूस दुकानात शिरून शालूची किंमत विचारतो आणि रुमाल घेऊन बाहेर पडतो, त्यात शालूवाल्याचं काही बिघडत नाही. पण मनोहररावांनी किंमत विचारली आणि मागून दुकानाचं दारच लागलं.

मुळात माणूस भित्रा. त्यांना स्वतःला हा शब्द आवडत नसे, ते 'सावध' म्हणत. पण सावध माणूस रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघतो, मनोहरराव वरही बघायचे. अवेळी सायकलची घंटी वाजली की तार आली असं समजून ते आधी भिंतीला टेकायचे आणि मग दार उघडायचे. नागपूरच्या सदर भागातल्या कचेरीत चपराशी नुसता "साहेबानं बोलावलं" म्हणाला, की टेबलापासून केबिनपर्यंतच्या वाटेत त्यांना आपली सगळी पापं आठवत. पापं म्हणजे तरी काय, तर एकदा सरकारी टाचण्यांची डबी चुकून पिशवीतून घरी आली होती. ती त्यांनी दुसऱ्या दिवशी परत नेली, आणि परत नेताना कोणी बघेल म्हणून वेगळे घाबरले.

पण या सगळ्या भीतींच्या वर एक मोठी भीती होती, आणि तिचं नाव भैय्याजी. भैय्याजी घरमालक. लकडगंजच्या अंगाला त्यांची लाकडाची टाल, म्हणजे वखार, टालीच्या मागे मोकळं मैदान, आणि मैदानाच्या कडेने भाड्याच्या खोल्यांची ओळ. त्या ओळीत मनोहररावांची दीड खोली. भाडं अठरा रुपये, लग्न झालं त्या साली ठरलेलं. आता चौऱ्याहत्तर साल उजाडलं होतं आणि बाजूच्या मोहल्ल्यात असल्याच खोल्यांचे लोक शंभराच्या घरात देत होते. भैय्याजींनी कधी आवाज चढवला नाही. उलट दर पहिल्या तारखेला हसून विचारायचे, "क्या मनोहरराव, कुठं दुसरीकडं पाहून राहिले की नाही?" त्या हसण्यानंतर मनोहररावांना जेवण जात नसे. भाडेकरूला असंच उठवता येत नाही, कायदा आहे, हे त्यांना ठाऊक होतं. पण त्याच कायद्यात अशीही एक मेख होती, की भाडेकरूला स्वतःचं दुसरं घर मिळालं तर मालक त्याला बाहेर काढू शकतो. भैय्याजी त्या एका वाक्यावर टपून बसले होते.

आणि अशातच कचेरीत परिपत्रक फिरलं. कर्मचाऱ्यांना घरासाठी सरकार कर्ज देणार. ज्याला हवं त्याने किती घर बांधणार ते लिहून अर्ज करावा. बाकीच्यांनी सह्या ठोकून कागद पुढे ढकलला. मनोहररावांनी तो वाचला, इथेच चूक झाली.

संध्याकाळी पुष्पलताबाई भाकरी थापत होत्या आणि मनोहरराव हिशेब घेऊन बसले. पगारातून किराणा गेला, दूध गेलं, पोरांची फी गेली, गावाकडे आईला पाठवायचे गेले. उरल्यासुरल्यातून कर्जाचा हप्ता, हप्त्यावरून कर्ज, कर्जावरून विटा. असं करत करत उत्तर आलं ते असं: एक खोली आणि दुसरीच्या तीन भिंती.

त्यांनी पुन्हा मांडून पाहिलं. भिंती तीनच.

"चौथ्या बाजूले काय मंग?" पुष्पलताबाईंनी विचारलं.

"चौथी पुढच्या वेतनवाढीत."

"तवरिक ढोरं येतीन नं घरात."

बाई हसत हसत बोलल्या खऱ्या, पण तव्यावरची भाकरी उलटायची विसरल्या. दीड खोलीतली अर्धी म्हणजे त्यांचं स्वयंपाकघर. त्यात पुष्पलताबाई शिरल्या की पोरीला बाहेर यावं लागे, आणि धूर बाहेर जायला मनोहररावांच्या अंगावरूनच वाट होती. "त्याच्यात रांधाची खोली असन काय?" त्यांनी हळूच विचारलं. "खिडकीवाली?" मनोहरराव या प्रश्नालाही घाबरले, कारण बायकोने इतक्या वर्षांत त्यांच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

भिंतीपलीकडून बापूजी खोकले. बापूजी शेजारी, रेल्वेतले निवृत्त गार्ड. खोल्यांमधली भिंत इतकी पातळ, की बापूजींचं खोकणं म्हणजे 'ऐकू येतंय, जरा मोठ्याने' असाच अर्थ घ्यायचा. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्याच्या गाडीला हिरवी झेंडी दाखवली होती, आणि निवृत्त झाल्यावरही ती सवय सुटली नव्हती. दोन मिनिटांत ते चप्पल फटफटत दारात हजर.

"पहिले सिमिट," बापूजी म्हणाले. "घराचं मंग पाहता येते. परमिट आज मागसान तर पोराच्या लग्नापरेंत भेटते. अर्ज टाकून द्या ना गा! अर्जाले काय पैसे लागून राहिले काय?"

अर्जाला पैसे लागत नाहीत, हे मनोहररावांना पटलं. सिमेंटच्या परमिटच्या कचेरीत ते रांगेत उभे राहिले आणि खिडकीपाशी पोचेपर्यंत त्यांचा सदरा पाठीला चिकटला.

"किती पोती?" खिडकीतल्या कारकुनाने विचारलं.

"साधारण किती लागतात जी?"

"घर केवढं आहे?"

"तेच काढून राहिलो."

"नकाशा?"

"नकाशा प्लॉट घेतल्यावर."

"मंग प्लॉट घ्या."

"प्लॉट कर्ज भेटल्यावर. आणि कर्ज, किती घर बांधाचं ते ठरल्यावर."

"मंग ठरवा ना!"

"ठरवालेच तर इथं आलो जी. सिमिट किती लागते ते कळलं म्हणजे..."

कारकुनाने चष्म्यावरून बघितलं. मनोहररावांनी स्वतः नोकरीभर लोकांना असंच गोल फिरवलं होतं, त्यामुळे समोरचा हात किती सराईत आहे हे त्यांच्या लक्षात आलं आणि घाबरलेल्या मनातही त्यांना कौतुक वाटलं. शेवटी मागच्या माणसाने ओरडा केला तेव्हा कारकुनाने स्वतःच अर्जावर 'पन्नास पोती' लिहून ठसा हाणला. आपल्या नावावर सरकारदरबारी पन्नास पोती मागितलेली आहेत, या विचाराने मनोहरराव घरी येताना सायकल चालवू शकले नाहीत. हातात धरून आणली.

ही गोष्ट कुणाला सांगू नका, असं त्यांनी बापूजींना बजावलं. बापूजींनी ती फक्त टालीवर सांगितली.

"आता कागदावरचं घर जमिनीवर पाहा," बापूजींची दुसरी झेंडी निघाली. "कागदावर सारंच बसते गा. जमिनीवर फक्की टाका, आत हिंडून पाहा, मंग समजन किती पाह्यजे."

फक्की म्हणजे चुन्याची भुकटी. कबड्डीचं मैदान आखतात ती. यात धोका तो काय, असा विचार करून मनोहरराव रविवारी सकाळी धोंडबा मिस्त्रीला घेऊन मागच्या मैदानात गेले. धोंडबाने खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली आणि डब्यातून फक्की सोडत विचारलं, "बोला साहेब, किती?"

"एक खोली आणि तीन भिंती."

धोंडबाने दोरी खाली ठेवली. "साहेब, मी हात जोडतो. असं कुठी घर ऱ्हायते काय? चवथी भित मी फुकटात काहाडून देतो. फक्कीच त हाये."

फुकट म्हटल्यावर मनोहररावांचा विरोध ढिला पडला, आणि त्या चौथ्या भिंतीतूनच सगळा मोहल्ला आत शिरला. शेजारच्या कांताबाईंनी देवघर सांगितलं, कारण देवघराशिवाय घर म्हणजे धर्मशाळा. कोणी न्हाणी सांगितली. कोणी विचारलं कूलर कुठं बसवणार. नागपुरात राहून कूलरची खिडकी नाही म्हणजे जून महिन्यात घर विकायला काढावं लागेल. खिडकीसाठी भिंत लांबली, भिंतीमुळे खोली लांबली. बापूजींनी पडवी काढायला लावली आणि तिच्यात लगेच आपली खुर्ची आणून ठेवली. पुष्पलताबाई लांब उभ्या होत्या. धोंडबाने "बाई, तुमची रांधाची खोली?" असं विचारल्यावर त्या पदर सावरत पुढे आल्या, पावलं टाकत चालल्या, थांबल्या, आणि आणखी दोन पावलं पुढे गेल्या. ती दोन पावलं मनोहररावांनी विटांत मोजली.

"खर्च किती येईन?" त्यांनी धोंडबाला बाजूला घेऊन विचारलं.

धोंडबाने एक डोळा मिटून घर पाहिलं, मग दुसरा मिटून पाहिलं. "तुमचं हाये म्हून वीस हजार."

वीस हजार रुपये मनोहररावांनी फक्त फायलीत पाहिले होते. मग त्यांनी चप्पल घासून घर कमी करायला सुरुवात केली. न्हाणी पुसली तर न्हाणी सुचवणारा रुसला. पडवी पुसायला गेले तर बापूजी खुर्चीवरून उठेचनात. देवघराला पाय लावायची छाती नव्हती. शेवटी राहता राहिली झोपायची खोली, ती त्यांनी दोन्हीकडून आत ढकलली. आता इतकी तरी पुरेल का, हे बघायला ते स्वतः मातीत आडवे झाले. डोकं खोलीत राहिलं आणि पाय स्वयंपाकघरात गेले.

"वा, वा, मनोहरराव!" वरून आवाज आला. "घर बांधून राहिले, और हमको बताया भी नहीं?"

स्कूटर टालीपाशी लावून भैय्याजी उभे होते आणि हसत होते. त्या दिवशी तारीख पहिली नव्हती, तरी हसत होते.

मनोहररावांनी त्याच क्षणी घर पुसायचं ठरवलं. पण सोमवारी कचेरीतून येऊन बघतात तर ओळीतल्या बायका स्वयंपाकघरात बसून तांदूळ निवडत होत्या. पुष्पलताबाई चुलीच्या जागेपाशी, कांताबाई खिडकीखाली. बापूजी पडवीत पेपर वाचत होते, पाठ भैय्याजींच्या सागवानाच्या थप्पीला टेकून. एक कुत्रं सरळ भिंतीतून आत आलं तर सगळ्या मिळून त्याच्यावर ओरडल्या. मनोहररावही आत शिरणार, तेवढ्यात पुष्पलताबाई म्हणाल्या, "अवो, दारातून या ना." आणि कचेरीत वीस वर्षं मान खाली घालून काढलेला तो माणूस वळसा घालून दारातून आत आला.

उद्या पुसू, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. उद्या म्हणता म्हणता आठवडे गेले. वाऱ्याने फक्की उडे, आणि सकाळी पुष्पलताबाई सडा घालून ती पुन्हा टाकत. उंबरठ्यापाशी त्यांनी रांगोळी काढायला सुरुवात केली. त्यांच्या चालण्यात काहीतरी बदललं होतं. त्या गुणगुणायच्या. मनोहरराव रोज घाबरत, रोज बघत आणि रोज गप्प राहत.

अक्षय तृतीयेला मात्र कहर झाला. मनोहरराव कचेरीतून आले तर मैदानात गर्दी. स्वयंपाकघरात तीन विटांची चूल मांडलेली, तिच्यावर पातेलं, आणि पातेल्यातलं दूध फेसाळून उतू जात होतं. नव्या घरात पाऊल ठेवताना दूध उतू घालतात, ते. बायका हळदीकुंकू लावत होत्या. बापूजी शिरा खात होते.

"हे काय करून ठेवलं?" मनोहररावांनी विचारलं.

"साडेतीन मुहूर्तातला मुहूर्त," पुष्पलताबाई म्हणाल्या. चुलीच्या झळीने त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि त्या लग्नातल्यासारख्या दिसत होत्या. "वाया काहून घालवाचा? देवघराच्या अंगानं उतू गेलं, पाहा. लय चांगलं असते म्हणतात."

मनोहररावांनी शिरा उभ्यानेच खाल्ला.

आठ दिवसांनी रजिस्टर नोटीस आली. पोस्टमनने सही घेतली तेव्हा मनोहररावांची सही त्यांना स्वतःलाच ओळखू आली नाही. नोटिशीत भैय्याजींच्या वकिलाने लिहिलं होतं, की भाडेकरूने स्वतःचं घर संपादन केलेलं आहे. त्यासाठी पन्नास पोती सिमेंट मागितलेलं आहे. सदर घरात दूध उतू घालून विधिवत गृहप्रवेश केलेला आहे व मोहल्ल्याने त्याचा प्रसाद भक्षण केलेला आहे. सबब दीड खोली रिकामी करून मिळावी. रेंट कंट्रोलचे साहेब मोक्यावर येऊन पाहणी करणार होते.

पहिलं सोडलं तर यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि मनोहररावांची भीती तिथूनच सुरू झाली. खोट्याला माणूस तोंड देऊ शकतो. ते अंथरुणावर पडून विचार करू लागले की बाहेर काढलं तर जायचं कुठं. मे महिन्याचं ऊन, हातगाडीवर ट्रंका, वर उलटा टांगलेला पाळणा, गाडीमागे दोन्ही पोरं, आणि शंभर रुपये भाडं मागणारी दारं. पगारात शंभर बसत नव्हते. आपण किती घर घेऊ शकतो हे काढता काढता आपल्याकडे होतं ते घरही चाललं, हे त्यांना दिवसाउजेडी दिसत होतं आणि कुणालाच सांगता येत नव्हतं.

एका पहाटे ते खराटा घेऊन मैदानात गेले. पुष्पलताबाई मागोमाग आल्या. नवऱ्याच्या हातातला खराटा बघून त्या भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पुसा. रांधाची खोली आखरीले पुसजा." मनोहररावांनी खराटा खाली ठेवला. तेवढ्यात पडवीतून बापूजी म्हणाले, की नोटीस आल्यावर पुसणं म्हणजे पुरावा नष्ट करणं, त्याला सजा आहे. सजा शब्द ऐकून मनोहररावांनी खराटा पुन्हा उचलला आणि तो घरात पलंगाखाली लपवून ठेवला.

"तुम्ही काही काळजी करू नका," बापूजी म्हणाले. "मी साक्ष देतो. घर चांगलं आहे, हवेशीर आहे, असं छातीठोक सांगतो."

"बापूजी, घर नाही असं सांगाचं आहे."

"हो, नाहीच. पण पडवी तर आहे नं गा!"

पाहणीच्या दिवशी ऊन असं होतं की झाडावरचे कावळेही चोच उघडून बसले होते. साहेब आले ते डोक्याला ओला पंचा गुंडाळून आणि लू लागू नये म्हणून खिशात कांदा घेऊन. सोबत भैय्याजी, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. मोहल्ला आधीच जमला होता. साहेब तरातरा पुढे निघाले आणि कांताबाई किंचाळल्या, "अवो साहेब, भित आहे तिथं! दार इकडून!"

साहेब दचकून थांबले, वळसा घालून दारापाशी आले, उंबरठ्यावरची रांगोळी बघून सवयीने त्यांनी जोडे काढले, आणि तापलेल्या मातीत पाय पडताच उडी मारून पुन्हा घातले. हसायची कुणाची हिंमत झाली नाही.

"हे घर?" साहेबांनी विचारलं.

"हेच साहेब," भैय्याजी म्हणाले. "गृहप्रवेश झाला. विचारा."

साहेबांनी बापूजींना विचारलं. बापूजी खुर्चीतून उठून उभे राहिले. "झाला साहेब. शिरा होता. काजू जरा कमी होते, पण तूप चांगलं होतं."

मनोहररावांनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या कानात हातगाडीची चाकं वाजू लागली.

मग साहेब पुष्पलताबाईंकडे वळले. त्या स्वयंपाकघरात, खिडकीच्या जागी उभ्या होत्या. "बाई, तुम्ही सांगा. हे तुमचं घर आहे काय?"

पुष्पलताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांचा राखेसारखा झालेला चेहरा पाहिला. हा चेहरा त्यांच्या ओळखीचा होता. याच चेहऱ्याकडे बघून त्यांनी आजवर जत्रेला नको म्हटलं होतं, नवीन लुगड्याला नको म्हटलं होतं, माहेरी बोलावणं आलं तर जाऊ दे म्हटलं होतं.

"नाही जी," त्या म्हणाल्या. "घर कुठलं. नुसत्या रेघोट्या आहेत." आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

सुटलो! साहेब लिहू लागले. भैय्याजींचा चेहरा उतरला. मनोहररावांनी या क्षणी देवाचे आभार मानायला हवे होते, आणि ते मानणारही होते. पण तो 'रेघोट्या' शब्द त्यांच्या छातीत कुठेतरी काट्यासारखा गेला. रोज पहाटे सडा घालणारी बाई, तिच्या तोंडून हा शब्द आपल्या भीतीने काढला, हे त्यांना लख्ख कळलं, आणि त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की भीतीला उभं राहायला जागा उरली नाही.

"साहेब, लिहू नका," कोणीतरी म्हणालं. तो आपलाच आवाज आहे हे त्यांना उशिरा समजलं. "ते माझ्या भेवानं खोटं बोलून राहिली. घर आमचंच आहे. ते देवघर. ही रांधाची खोली. तिथं खिडकी आहे, पूर्वेची."

"वा!" भैय्याजी पुढे सरसावले. "लिहा साहेब! कबूल केलं! लिहा, घर आहे!"

पुष्पलताबाईंनी तोंडावरचा पदर काढला आणि नवऱ्याकडे बघतच राहिल्या. मनोहररावांनी शब्द मागे घेतला नाही.

साहेबांनी पंचा पिळून पुन्हा डोक्याला बांधला. "बरं. घर आहे म्हणता. जागा कोणाची?"

बापूजी म्हणाले, "नझूलची. म्हणजे सरकारचीच जी."

"मग हे सरकारी जागेवर अतिक्रमण झालं," साहेब म्हणाले. "घर आहे असं मी लिहिलं, की मला नझूलले कळवणं भाग आहे. त्यांची माणसं येतीन, साखळी टाकून पुरं मैदान मोजतीन. या टोकापासून..." साहेबांचं बोट घरावरून, पडवीवरून फिरत फिरत सागवानाच्या थप्पीवर येऊन थांबलं. थप्पीच्या मागे दुसरी थप्पी होती, तिच्यामागे तिसरी. टाल दरसाल थोडी थोडी पुढे सरकत निम्म्या मैदानापर्यंत आली होती. "ही लाकडं कोणाची?"

मोहल्ल्याने भैय्याजींकडे पाहिलं. भैय्याजींनी आकाशाकडे पाहिलं. मग ते पहिल्यांदाच हसले नाहीत.

"साहेब, जरा थांबा," ते म्हणाले. "मोजणी कायले? याले घर कसं म्हणता? छत कुठं आहे?"

"छत बाकी आहे," मनोहरराव म्हणाले. "पण घर आहे."

"अरे भाई, भिंती नाहीत!"

"आहेत. तुम्ही देवघरात उभे आहात."

भैय्याजी चटकन बाजूला झाले, आणि आपण बाजूला झालो हे लक्षात येऊन आणखी चिडले. "घर नाही आहे!"

"आहे!"

"मैं बोलता हूँ ना, नाही आहे! साहेब, मी लिहून देतो!"

साहेबांनी कागद त्यांच्यापुढे धरला. घरमालकाने स्वतःच्या सहीने लिहून दिलं, की मैदानात घर नाही, कधी नव्हतं, आणि नोटीस गैरसमजातून गेली. खाली त्यांनी सही केली ती इतकी जोरात की कागद फाटला. "आरामात राहा मनोहरराव," ते दात आवळून म्हणाले. "अठरा रुपये वेळेवर देत जा." आणि स्कूटरला लाथ मारून निघून गेले. स्कूटर तिसऱ्या लाथेला सुरू झाली.

साहेब निघताना दारापाशी घुटमळले. आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "मनोहरराव, पगार किती तुमचा?"

मनोहररावांनी सांगितला.

"माझाही तेवढाच. एवढं बसते त्यात?"

"नाही बसत जी."

"हं," साहेब म्हणाले. त्यांनी एकदा स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं आणि दारातून बाहेर गेले.

गर्दी पांगली. बापूजी पाणी प्यायला घरात गेले. इतका वेळ कुठेतरी दूर थांबलेली भीती आता एकदम आली, सगळीच्या सगळी. आपण घरमालकाला उलट बोललो. सरकारी माणसापुढे बोललो. भैय्याजींनी माघार घेतली नसती, तर पोरं रस्त्यावर होती! मनोहरराव होते तिथेच, तापलेल्या मातीत, मटकन खाली बसले. पुष्पलताबाई जवळ येऊन उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण बोलल्या त्या चांगल्या खणखणीत आवाजात.

"उठा पहिले तिथून," त्या म्हणाल्या. "चुलीवर बसले तुम्ही."

मनोहरराव मुकाट्याने सरकून बसले.